पंथ नको, साधना हवी: गोराईच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचं परीक्षण

देवळासमोरून जाताना हात जोडले जातात, पण पूजा-अभिषेकात मन रमत नाही. कुठल्या महाराजांची बैठक नको, गंडादोरा नको, कुणाचं सभासदत्व नको. तरीही रोज थोडा वेळ स्वतःच्या आत पाहावं, मन जरा निवळावं, असं मनापासून वाटतं. अशा माणसाने मुंबईत जायचं कुठे? योगवर्गात शरीरावर काम होतं, मनाचा विषय शेवटच्या दहा मिनिटांच्या शवासनात उरकतो. शनिवार-रविवारच्या महागड्या ‘रिट्रीट’मध्ये छान वाटतं, पण सोमवारी घरी करायला हातात काही उरत नाही. या गरजेच्या कसोटीवर गोराईच्या ‘धम्म पत्तन’ केंद्रातलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर इथे तपासलं आहे. विपश्यना म्हणजे श्वास आणि अंगातल्या संवेदना जशा आहेत तशा पाहण्याची ध्यानपद्धत. केंद्र ग्लोबल विपश्यना पॅगोडाच्या आवारातच आहे.

आधी निष्कर्ष. घरी एकट्याने करता येईल अशी साधना पूर्णपणे शिकवणारी आणि त्या बदल्यात पैसा, नाव, धर्म यांपैकी काहीच न मागणारी दुसरी एवढी शिस्तबद्ध सोय मुंबईच्या आसपास सहज सापडत नाही. मात्र शिबिर धार्मिक आवरणापासून पूर्ण मुक्त नाही. ते आवरण कुठे आहे आणि किती जाड आहे, हे आधी माहीत असलेलं बरं.

फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं यांपैकी कशाचेही पैसे घेत नाहीत. दानसुद्धा दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच स्वीकारतात. पहिल्यांदा आलेल्याने सुरुवातीला पैसे देऊ केले तरी घेतले जात नाहीत. सहायक आचार्यांना मानधन नसतं आणि व्यवस्थेतलं बरंचसं काम जुने साधक, म्हणजे आधी शिबिर पूर्ण केलेले लोक, सेवा म्हणून करतात. अध्यात्माच्या बाजारात हा नियम फार मोलाचा आहे. ज्याने घेऊन पाहिलं त्यानेच द्यायचं, म्हटल्यावर गळ टाकायला जागाच उरत नाही. शिबिर संपताना दानाचं टेबल असतं, पण कुणी पाठीमागे लागत नाही. काही न देता निघालात तरी चालतं.

ही परंपरा आली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचा जन्म १९२४चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. मारवाडी, सनातनी घर, व्यापारी माणूस. मायग्रेनने हैराण झाल्यावर १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला गेले. ऊ बा खिन भिक्खू नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, संसारी होते आणि कार्यालयातल्या लोकांनाही ध्यान शिकवायचे. त्यांचे गुरू सया तेजी हे शेतकरी. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि इथलं पहिलं शिबिर त्यांनी त्याच वर्षी जुलैत मुंबईतच घेतलं. इगतपुरीचं ‘धम्मगिरी’ नंतरचं, १९७६चं. गोएंका २०१३ मध्ये वारले. आज शिबिरात सूचना आणि प्रवचनं त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिमुद्रणातून चालतात आणि सहायक आचार्य बाजूला बसून शंका सोडवतात. कुणी पाया पडून घेत नाही, कुणाचा वाढदिवस साजरा होत नाही. गुरुभक्तीची धास्ती असलेल्या माणसाला हा मोठा दिलासा आहे.

दहा दिवस म्हणजे प्रत्यक्षात बारा तारखा. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचायचं, संध्याकाळी हलकं खाणं आणि सूचना, रात्रीपासून मौन. बाराव्या तारखेला सकाळी सुटका. शिबिर बुधवारी सुरू होऊन रविवारी संपणारं मिळालं, तर शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या नोकरदाराच्या आठ रजा जातात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेच्या रजेची तरतूद आहे. आस्थापना शाखेत शासन निर्णय मागून घ्या, कारण बऱ्याच जणांना त्याची कल्पनाच नसते.

पहाटे ४ला घंटा. ४.३० ते ६.३० ध्यान, मग नाश्ता. ८ ते ९ सामूहिक बैठक, पुढे ११पर्यंत पुन्हा ध्यान. ११ला जेवण. १२ ते १ या वेळेत आचार्यांना भेटून प्रश्न विचारता येतात. दुपारी १ ते ५ ध्यान, त्यात २.३० ते ३.३० सामूहिक बैठक. ५ला चहा किंवा दूध, कुरमुरे, एखादं फळ. नव्या साधकाचं रात्रीचं जेवण म्हणायचं तर एवढंच, आणि जुन्या साधकाला तेही नाही, फक्त लिंबूपाणी. ६ ते ७ बैठक, मग सव्वा तासाचं प्रवचन, ९पर्यंत पुन्हा ध्यान, ९.३०ला दिवे बंद. बेरीज केली तर दिवसाचे दहाहून जास्त तास बैठक होते.

फोन जमा करावा लागतो. पुस्तक, वही, पेनही नाही. पुरुष आणि स्त्रिया पूर्ण वेगळ्या भागात राहतात. जपमाळ, पोथी, ताईत, उपवास हे सगळं दहा दिवस बाजूला ठेवायचं. यावर काही घरांतून नाराजी येते. पण या नियमाचं कारण सरळ आहे: श्वासासोबत नाम घेतलं की मन लवकर एकाग्र होतं, पण मग ते नामावर टिकतं आणि शरीरात खरोखर काय चाललंय ते पाहायचं राहून जातं. इथे एकाग्रता साधन आहे, पाहणं हे काम आहे. बंदी श्रद्धेवर नाही, मिसळ करण्यावर आहे. शिबिरानंतर घरी संकष्टी धरावी की नाही, हे केंद्र विचारत नाही.

आता साधनेबद्दल सविस्तर, कारण खरा ऐवज तिथेच आहे. पहिले साडेतीन दिवस आनापान. नाकावाटे येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, रोखायचा नाही. सुरुवातीला नाकाच्या मुळापासून वरच्या ओठापर्यंतचा त्रिकोणी भाग धरतात, मग क्षेत्र लहान करत नाकपुड्यांखालच्या, वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेवर आणतात. ही जागा लहान करण्यामागे हेतू आहे. क्षेत्र जितकं लहान, तितकं मन सूक्ष्म होतं, आणि पुढे अंगभर बारीक संवेदना पकडायला तेच मन लागतं.

इथे नवे लोक ठरलेल्या चुका करतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे श्वासाला प्राणायाम करून टाकणं. ज्यांनी आधी योगासनं केली आहेत त्यांच्याकडून हे हमखास होतं. श्वास जोरात ओढला जातो, छाती भरून येते, डोकं जड होतं आणि दुसऱ्या दिवशी ‘मला जमत नाही’ असा निकाल लागतो. श्वास जाणवतच नसेल तर दोन-चार श्वास मुद्दाम जरा जोरात घ्यायला परवानगी आहे, मात्र लगेच नैसर्गिक श्वासावर परत यायचं. दुसरी चूक, मन भटकलं की स्वतःवर चिडणं. चिडण्यात पाच मिनिटं जातात, परत येण्याला एक क्षण पुरतो. दुसरा आणि सहावा दिवस सगळ्यांत अवघड म्हणून ओळखले जातात. तेव्हा बॅग भरावीशी वाटली तर दुपारी १२ला आचार्यांकडे जा. तेवढ्या दोन मिनिटांच्या बोलण्याने बऱ्याचदा गाडी रुळावर येते.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. ही बैठक लांब असते आणि मधे उठता येत नाही, म्हणून आधी लघवीला जाऊन या आणि दुपारच्या जेवणात हात आखडता घ्या. पुढे टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत आणि उलट, एकेक भाग करत मन फिरवायचं. जिथे जी संवेदना असेल ती पाहायची: उष्णता, घाम, खाज, मुंग्या, ठोके, कपड्याचा स्पर्श, दुखणं. एखाद्या भागात काहीच कळलं नाही तर मिनिटभर थांबून पुढे सरकायचं. संवेदना सुखद असो वा दुःखद, ती बदलते आहे हे जाणत समतेत, म्हणजे हवं-नको न करता, राहायचं. ‘अनिच्च’, म्हणजे अनित्य, ही गोष्ट ऐकून मानायची नाही. गुडघ्याच्या कळेत बसून बघायची. कळ आधी दगडासारखी वाटते. टिकून पाहिलं की ती धडधडणाऱ्या तुकड्यांत फुटते, सरकते, कमी-जास्त होते. त्या वेळी चिडणारं मन आणि दुखणारं अंग हे दोन वेगळे आहेत, हे पहिल्यांदा नीट दिसतं. ही गोष्ट समजायला कुठल्याही देवावर विश्वास असावा लागत नाही, नसावाही लागत नाही.

चौथ्या दिवसानंतर रोजच्या तिन्ही सामूहिक बैठकांत अधिष्ठान असतं: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. ज्यांची मांडी मोडायला निघते त्यांच्यासाठी बैठकीची रचना निर्णायक ठरते. कंबर गुडघ्यांपेक्षा चार-सहा इंच उंच हवी, म्हणजे गुडघे जमिनीकडे झुकतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. फार उशा रचल्या की शरीर डगमगतं आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरते. दोन्ही गुडघे जमिनीला टेकत नसतील तर अधांतरी राहणाऱ्या गुडघ्याखाली छोटी उशी द्या. पाय झोपणं निरुपद्रवी आहे, उठल्यावर काही मिनिटांत बरं वाटतं. पण गुडघ्याच्या आतून सुरीसारखी कळ येत असेल आणि उठल्यावरही राहत असेल, तर तो साधनेचा विषय नाही, सांध्याचा आहे. अशा वेळी खुर्ची मागा. साठीपुढच्यांना आणि मणक्याचा त्रास असलेल्यांना खुर्ची सहज मिळते, फक्त अर्जातच लिहा. नवे साधक सहन करण्याची स्पर्धा लावतात आणि गुडघा बिघडवून घरी जातात, हे या शिबिरांचं खरं दुखणं आहे.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटतं. नऊ दिवसांनंतर हॉलबाहेर एकदम गलका होतो. त्या गलक्यात कुणाला प्रकाश दिसला, कुणाला झिणझिण्या आल्या, याच्या गोष्टी ऐकायला मिळतात. त्यांच्यावरून आपलं माप काढू नका. अंगभर संवेदनांच्या धारा वाहिल्या म्हणजे प्रगती झाली असं या पद्धतीत मानतच नाहीत. समता वाढली की नाही, एवढंच पाहतात.

आता धार्मिक आवरण. पहिल्याच संध्याकाळी त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि शील (आचरणाचे नियम) घेतलं जातं, तेही पालीत: बुद्धं सरणं गच्छामि. दहा दिवस आचार्यांच्या सूचनेप्रमाणे चालण्याचं वचन दिलं जातं. पहाटेच्या सत्राच्या शेवटी पालीत सुत्तपठण, म्हणजे बुद्धवचनांचं पठण, चालतं. बैठक संपताना ‘साधू, साधू, साधू’ म्हणतात. पॅगोडाचा आकार रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावरून घेतलेला आहे आणि त्याच्या घुमटात बुद्धांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. रात्रीच्या प्रवचनांत पुनर्जन्म, मागच्या संस्कारांचे थर हे सगळं येतं. प्रवचनात स्पष्टीकरणही मिळतं: बुद्ध म्हणजे व्यक्ती नव्हे, जागृतीचे गुण, न पटणारं बाजूला ठेवा, पण साधना पूर्ण करून पाहा. ही भूमिका प्रामाणिक आहे. पण ऐकणारा नास्तिक असेल तर पाली मंत्रोच्चार त्याला मंत्रोच्चारच वाटणार, आणि त्याला तसं वाटण्यात काही चूक नाही. हात जोडायची, ‘साधू’ म्हणायची सक्ती नाही. गप्प बसून राहिलात तर कुणी हटकत नाही.

महाराष्ट्रात या आवरणाला आणखी एक बाजू आहे. बौद्ध घरातल्या माणसाला त्रिशरण आणि पंचशील लहानपणापासून ओळखीचं असतं, त्याच्यासाठी हे घरचंच. वारकरी घरातल्याला दया-क्षमा-शांतीची भाषा ओळखीची वाटते, पण विठ्ठलाशिवायची शांतता काही दिवस परकी वाटते. चैत्यभूमीवर जाणारा आणि आळंदीला जाणारा एका हॉलमध्ये, एकाच सूचनेवर, शेजारी शेजारी गप्प बसलेले असतात. मुंबईत अशा जागा कमी आहेत. मौनामुळे आडनावं विचारली जात नाहीत, हा या शिबिराचा जाहिरात न झालेला गुण.

पुढची पायरी मात्र नीट वाचून घ्या. दहा दिवसांचं शिबिर कुणालाही बांधत नाही. सतिपट्ठान या पुढच्या शिबिराला जायचं तर दहा दिवसांची किमान तीन शिबिरं, रोजचा सराव आणि दुसरी कुठली साधना न करणं, अशा अटी लागतात. वीस दिवसांच्या शिबिरासाठी पाच शिबिरं, एक सतिपट्ठान, एका शिबिरात सेवा आणि दोन वर्षांची याच पद्धतीची निष्ठा. शिकवण्याच्या दृष्टीने हे रास्त आहे, खोल पाण्यात दोन होड्यांवर पाय ठेवता येत नाही. पण थोडं इथून, थोडं तिथून घेत स्वतःची वाट बांधू पाहणाऱ्याने ओळखावं की या पायरीपासून आपण एका परंपरेचे होतो, नाव कुठेही नोंदवलं नसलं तरी.

कुणी जाऊ नये? मानसिक आजारावर औषध चालू असेल, पूर्वी भ्रम, तीव्र नैराश्य किंवा घबराटीचे झटके येऊन गेले असतील, जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात सगळं खरं लिहा. रोज दहा तासांचं मौनातलं ध्यान काही जणांना सोसत नाही. झोप उडते, जुनी भीती वर येते, आणि केंद्रात मनोविकारतज्ज्ञ हजर असेलच असं नाही. प्रवेश मिळावा म्हणून आजार लपवणं धोक्याचं आहे. औषधं स्वतःहून बंद करून तर मुळीच जाऊ नका. मधुमेहींनी रात्रीचं जेवण नसतं हे लक्षात घेऊन गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून बसवून घ्याव्यात आणि केंद्राला कळवावं. संध्याकाळच्या खाण्यात सवलत मागता येते.

जेवण साधं, शाकाहारी आणि पोटाला हलकं असतं. बसून बसून पोट साफ न होण्याची तक्रार मात्र सर्रास होते. पाणी भरपूर प्या, दुपारी चाला आणि पहिल्या तीन दिवसांत भूक लागते म्हणून ११च्या जेवणात दुप्पट वाढून घेऊ नका, कारण दुपारची १ ते २.३०ची बैठक झोपेत जाते. दिवसाला सहा-सात कप चहा पिणाऱ्यांचं डोकं पहिले दोन दिवस दुखतं. आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणला तर हा त्रास टळतो.

सामानात सैल, अंगभर कपडे, गजराचं साधं घड्याळ, टॉर्च, छत्री, बिनवासाचा साबण आणि डासांसाठी मलम हवंच. गोराई म्हणजे खाडी आणि खारफुटी, संध्याकाळी डास असणार. अत्तर, दागिने, वाजणाऱ्या पिशव्या घरीच ठेवा. शांत हॉलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज शंभर माणसांना उठवतो. प्रवचन मराठीतून ऐकायचं असेल तर ती सोय आहे का, हे नोंदणी करतानाच विचारा. हिंदी सगळ्यांना कळतं, पण वयस्कर माणसांना मराठीत ऐकल्याने बराच फरक पडतो.

बोरिवली पश्चिमेहून बस किंवा रिक्षाने गोराई खाडीच्या जेट्टीवर जायचं आणि बोटीने पलीकडे, हा नेहमीचा मार्ग. पावसाळ्यात बोटींचा भरवसा धरू नका. तेव्हा भाईंदरहून उत्तनमार्गे रस्त्याने यावं, सामान जड असेल तर एरवीही तेच सोयीचं. शिबिराआधी एखाद्या रविवारी नुसता पॅगोडा पाहून यावं. खांबांचा आधार नसलेला, सुमारे ८,००० माणसं बसू शकतील असा तो दगडी घुमट पाहुण्यांना काचेच्या कक्षातून दिसतो. आत बसण्याचा अधिकार जुन्या साधकांचा. पाहुण्यांना थोडक्यात आनापान शिकवतात, त्यावरून आपल्याला हे रुचेल का, याचा अंदाज येतो.

गोराईला जागा नसेल तर बेलापूरच्या पारसिक टेकडीवरचं धम्म विपुल, खडवलीचं धम्म सरिता, पालघरचं धम्म वाटिका आणि इगतपुरीचं धम्मगिरी, सगळीकडे शिबिर तेच, सूचना त्याच. इगतपुरीला थंडीत जाड पांघरूण न्या आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हे गृहीत धरून जोड जास्त ठेवा. कसारा लोकलने जाऊन पुढे घाटातून जीप मिळते, पण सामानासह थेट गाडी बरी.

खरी परीक्षा घरी. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा, असं सांगितलं जातं. विरार किंवा कर्जतहून रोज फोर्टला जाणाऱ्याला दोन तास सापडत नाहीत, आणि दोन तास जमत नाहीत म्हणून एकही मिनिट न बसणं हा सगळ्यांत सामान्य शेवट. त्यापेक्षा पहाटे घरातले उठण्याआधी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पक्की करा, रात्री झोपण्यापूर्वी अंथरुणावर दहा मिनिटं. लोकलमध्ये उभ्याने आनापान होतं, विपश्यना नीट होत नाही. एका खोलीत पाच माणसं असतील तर भिंतीकडे तोंड करून, टीव्ही चालू असतानाही बसायची सवय करावी लागते. शांत खोली मिळण्याची वाट पाहिली तर वर्ष जातं. जुन्या साधकांच्या साप्ताहिक सामूहिक बैठका शहरभर होतात, आणि पॅगोडात एकदिवसीय शिबिरं असतात. सराव सुटला असेल तर या एका दिवसाचा उपयोग फार होतो.

नोंदणी धम्म डॉट ओआरजी या संकेतस्थळावरून होते. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या जागा लवकर भरतात, तर ऐन पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत मिळण्याची शक्यता जास्त. अर्ज मंजूर झाला की काम संपत नाही. शिबिराच्या काही दिवस आधी येणार असल्याचं पुन्हा कळवावं लागतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. बेत रद्द झाला तर तेही त्याच दिवशी कळवा, प्रतीक्षा यादीतल्या माणसाला रजा टाकायला वेळ मिळतो.